बाई, तू पेरलेला तलाव

बाई, तुझी तेरवी आटोपली. पाहुणे आपापल्या गावी गेले, पंगतीची भांडी परत केली, उरलेली बुंदी शेजारी वाटून झाली. आता घरात मी आहे, तुझी भावजय आहे आणि भिंतीवर ते कॅलेंडर आहे. उद्याच्या तारखेला तू लाल पेन्सिलीने केलेला गोल आहे. त्याच्या पुढेही आहेत, थेट डिसेंबरअखेरपर्यंत. संक्रांतीला आली होतीस तेव्हा खुर्चीवर चढून वर्षभराचे गोल तू एका बैठकीत करून टाकलेस. मी खालून खुर्ची धरून होतो आणि "पडशील वो बाई, आता काय तू लहान हायेस," म्हणून ओरडत होतो. वर्ष संपायच्या आत तू जाशील हे तुझ्या डोक्यात नव्हतं, माझ्याही नव्हतं.

तेरवीला लोक बोलले. चांगलंच बोलले. कोणी म्हणालं, फार शांत स्वभावाची होती. मला हसू आवरेना. मी खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला लावला, लोकांना वाटलं रडतो आहे. शांत आणि तू! चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घ्यायचीस. एका म्हाताऱ्याने तर तू विमानात बसून फोटो काढायचीस असं सांगितलं. मी दुरुस्त केलं नाही. तुला आवडलं असतं ते.

पण जे सांगण्यासारखं होतं ते कोणी सांगितलं नाही, कारण ते फक्त तुला आणि मला माहीत आहे. गावात तोंड उघडायचं नाही अशी शपथ तू मला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी राहून घातली होतीस. त्या शपथेचं आता काय करायचं ते तूच सांग. आजवर प्रत्येक गोष्टीत तूच सांगत आलीस, आता मधेच गप्प बसलीस.

पहिल्यांदा तो फोटो घरी आणलास तो दिवस आठवतो? नागपूरच्या त्या उपग्रहाचे फोटो वाचणाऱ्या कचेरीत लागून तुला फार दिवस झाले नव्हते. पत्र्याच्या लांब नळीत गुंडाळून आणला होतास. मला वाटलं आमच्यासाठी कॅलेंडर आणलं. खाटेवर पसरलास, चारी कोपऱ्यांवर बाबांचा अडकित्ता, पाण्याचा गडवा, तुझी चप्पल आणि माझा हात ठेवलास. सगळा कागद लालभडक. मी म्हणालो, "काय वो बाई, जिल्हा जळून राहिला काय?"

तू कपाळावर हात मारलास. मग समजावून सांगितलंस की हा आपल्या डोळ्यांनी पाहिलेला फोटो नाही. हिरवं पान एक असा उजेड मागे फेकतं जो माणसाला दिसत नाही, पण उपग्रहाला दिसतो. तो कागदावर दाखवायचा तर लाल रंगाने दाखवतात. जितकं पीक तरारलेलं तितकं लाल. पाणी काळं. उघडी जमीन राखाडी-निळी. बाबा बराच वेळ ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "हिरव्याले लाल म्हणणाऱ्या खात्यात पोरगी कायले धाडली मी?"

आणि मग त्यांनी विचारलं, "मी कोठं हावो याच्यात?"

तू भिंग काढलंस. एक ठिपका दाखवलास. म्हणालीस, यातला सगळ्यात लहान ठिपका म्हणजे एक-दीड एकर. त्यात घर, गोठा, चिंच, बाबा, सगळे एकात मिसळून जातात. बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उभा जन्म या गावात काढलेला माणूस, आणि लेक सांगते की तुम्ही वेगळे दिसत नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बाबांनी घरातली सगळी धोतरं आणि माझ्या लग्नातली पांढरी चादर अंगणात अंथरलेली. "आता दिसंन," म्हणाले. तू हसून हसून खाली बसलीस. "बाबा, दीड एकर धोतर पायजे!"

तिथूनच आपला तो खेळ सुरू झाला. उपग्रह आपल्या जिल्ह्यावरून दोन-अडीच आठवड्यांनी एकदा जातो, सकाळी न्याहारीच्या सुमारास. तू त्या तारखांना गोल करायचीस आणि मला हुकूम सोडायचीस की त्या सकाळी तोंड धुऊन पाळीवर उभं राहायचं. मी विचारलं, दिसणार तर नाहीच, मग उभं कायले राहायचं? तू म्हणालीस, "तू दिसणार नाईस. पण उभा होतास, थे मले मालूम असंन." फोटो तुझ्या टेबलावर यायला महिने लागायचे. आणि तू भिंगाखाली आपला ठिपका शोधून त्याला म्हणायचीस म्हणे, जेवला काय गा?

तुझं काम मला हळूहळू कळत गेलं. एक फोटो पाहून काही समजत नाही, एकाच जागेचे चार-पाच महिन्यांचे फोटो शेजारी शेजारी मांडावे लागतात. मार्चमध्ये जंगल उतरतं, सागाची पानं झडतात, लाल रंग मातकट होतो. धान कापला की बांध्या, म्हणजे आपली खाचरं, फिक्या पडतात. आणि श्रावणात तर काहीच नाही, नुसते पांढरे ढग. तुला त्याची फार चुटपुट होती. आम्ही इथे गुडघाभर चिखलात धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करत असतो, कंबर मोडते, आणि त्याच दिवसांत तुझा उपग्रह आंधळा. "तुमी सर्वात जास्त राबता तवाच तुमी मले दिसत नाई," म्हणाली होतीस. मी म्हणालो, बरं आहे, चिखलातलं तोंड कोणाला दाखवायचं.

कचेरीतल्या साहेबांना लाखोरीवरून कसं चकित केलंस ती गोष्ट तर तू दर दिवाळीला सांगायचीस आणि दर वेळी साहेबांचे डोळे थोडे जास्त मोठे करायचीस. पौषातल्या फोटोत बांध्या पुन्हा लालसर पाहून ते म्हणाले, या लोकांनी अजून धान कापला नाही की काय? तू सांगितलंस की धान केव्हाच घरात आला. तो उभा असतानाच आम्ही त्याच्या पायात लाखोरीच्या डाळीचं बी फेकतो, तीच आता वर आली आहे. त्या दिवसापासून साहेब तुला 'भंडाऱ्याच्या बाई' म्हणून हाक मारायला लागले. तुझी मान ताठ झाली होती. लाल दिसलं की ते पीकच, असा तुला भरवसा बसला, आणि मला वाटतं, तिथेच घोळ झाला.

त्या वर्षीची मंडई, दिवाळीनंतरची आपली गावजत्रा. गावात दंडारीच्या खेळाचा तंबू लागलेला, पाहुण्यांनी घरं भरलेली. तू नागपूरहून आलीस ती खुशीत होतीस. एक मोठा नकाशा पुरा करून साहेबांच्या हातात दिला होतास: जिल्ह्यातल्या जुन्या तलावांपैकी कोणते अजून जिवंत आहेत आणि कोणते बुजून शेती झाले. पाळी आणि तुडुमांच्या दुरुस्तीसाठी गावं निवडायची होती, ती त्या नकाशावरून. आपल्या तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं ते दार, कैक वर्षं गळत होतं. होळीपर्यंत अर्धा तलाव रिकामा. बाबा तहसीलला अर्ज देऊन देऊन थकले होते. नकाशात तलाव असला की दुरुस्ती झाली, नसला की संपलं. आणि तुझं स्वतःचंही काही ठरायचं होतं. दर वर्षी वाढवून मिळणारी ती नोकरी यंदा पक्की होणार असं साहेब म्हणाले होते. शेजारच्या टेबलांवरचे गडी आधीच बोलत होते की बाईमाणसाची नजर भिंगाला टिकत नाही.

दुपारी आपण पाळीवर बसलो होतो. गिरजाकाकू डोंग्यातून, आपल्या त्या लहान होडीतून, शिंगाडे काढत होती. तिच्या घरचे ढिवर, म्हणजे मासेमार, पिढ्यान्‌पिढ्या या तलावात शिंगाडा लावत आले. तिने टोपलं तुझ्यापुढे ठेवलं आणि तू लहानपणासारखी दातांनी सोलून खायला लागलीस. मधेच तुझं तोंड थांबलं. गालात शिंगाडा तसाच. तू समोर पाहत होतीस. मी पण पाहिलं, मला काही विशेष दिसलं नाही. तलाव होता. या पाळीपासून पलीकडच्या झाडापर्यंत शिंगाड्याच्या पानांनी झाकलेला, हिरवागार, पाणी कुठे दिसतच नव्हतं.

"अरे बापा," तू म्हणालीस. "मी हा तलाव पेरून टाकला."

मला वाटलं तुला ऊन लागलं. मग तू सांगत गेलीस. नकाशा तू आदल्या वर्षीच्या कार्तिकातल्या फोटोवरून काढला होतास, कारण तेव्हा आभाळ स्वच्छ असतं आणि धान लाल दिसतो. कार्तिकातच शिंगाडा तलाव झाकून टाकतो. वरून पाहणाऱ्याला ते पाणी नाही, लाल बांधी दिसते. भिंगाखाली गावाला नाव नसतं. असल्या शेकडो ठिपक्यांत आपलाही एक होता. तो तू धान म्हणून रंगवलास. जुन्या नकाशात तलाव, नव्यात धान, म्हणजे गावकऱ्यांनी तलाव बुजवून शेती केली, असा त्याचा अर्थ. ज्या तलावाचे शिंगाडे खाऊन वाढलीस, तोच तू नकाशावरून पुसलास, आणि ते तुला कळलं तेव्हाही तोंडात शिंगाडाच होता. मला आधी हसू फुटलं. मग तुझ्याकडे पाहून बंद केलं.

बाई, त्या दिवशीचं आपलं भांडण अजून संपलेलं नाही. मी म्हणालो होतो, "गप राय. कोणाले समजते? तुडूम गळते तं गळू दे, आमचा तलाव आमी पाहून घेऊ. तू आपली नोकरी पाय." तू चवताळलीस. "तुया एका तलावाचं नाई ना गा! एकोडीकडं शिंगाडा हाये, मोहाडीकडं हाये. जेथं जेथं शिंगाडा, तेथं तेथं मी धान पेरला!" मी म्हणालो, मग तर अजिबातच सांगू नको. तू उठून उभी राहिलीस आणि टोपलं लाथेने कलंडलं. गिरजाकाकू डोंग्यातून ओरडली, "काय वो पोरी, माहे शिंगाडे काहून सांडवतं?" दोघांनी खाली वाकून शिंगाडे वेचले, एकमेकांकडे न पाहता.

मंडई संपायची वाटही पाहिली नाहीस. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस. टी.ने गेलीस. साहेबांपुढे उभी राहिलीस आणि म्हणालीस की नकाशा चुकला आहे, आणि त्यात माझं स्वतःचं गाव आहे. त्यांनी काय काय ऐकवलं ते तू मला पुरं कधी सांगितलं नाहीस. गडी मात्र हसले, ते सांगितलंस. मग तू त्या कार्तिकानंतरच्या माघातले फोटो मागवलेस. शिंगाडा निघालेला असतो, तलाव उघडा पडतो आणि काळा दिसतो. बांधी काही काळी होत नाही. कार्तिकात लाल आणि माघात काळा, तो तलाव. एकेक ठिपका दोनदोनदा पाहत तू उन्हाळ्यापर्यंत तो सगळा नकाशा पुन्हा काढलास. डोळ्यांतून पाणी यायचं, तरी.

नोकरी त्या वर्षी पक्की झाली नाही. तुझ्या मागून आलेल्या गड्यांची झाली. तुझी पुढे झाली, पण ती वर्षं तुझ्या जिवाला घोर होता, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी अजूनही म्हणतो की फार मोल दिलंस. तू म्हणायचीस, काही दिलं नाही. हे भांडण आता मी एकट्याने कसं करू?

तुडूम मात्र झालं. पाळ नीट झाली, दार नवं बसलं. आणि बाबा गावभर छाती काढून फिरले, "मी अर्ज देला, म्हून झालं! सरकारले माह्या शबदाची किंमत हाये." आपण दोघे पाळीवर उभे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तू माझं मनगट धरलंस आणि शपथ घातलीस. "बाबाले खुश राहू दे. अन् मी आधी तलाव बुजवला, मंग काढला, हे का गावाले सांगाची गोष्ट हाये?" बाबा गेले ते त्याच समाधानात गेले. फोटोत न दिसलेल्या माणसाला निदान तलाव तरी मिळाला, असं तू तेव्हा म्हणाली होतीस आणि मग खूप रडली होतीस.

दवाखान्यात मी तुला भेटायला आलो तो शेवटचा दिवस असेल असं वाटलं नव्हतं. पिशवीत शिंगाडे आणले होते, हंगामातले पहिले, कोवळे. तुला खायची मनाई होती. तू एक नुसता हातात धरून ठेवलास. विचारलंस, "तलाव भरला काय?" मी म्हणालो, सांडव्यावरून वाहिला यंदा. मला पुढे म्हणायचं होतं की बाई, तुझ्यामुळे भरला. आणि मी काय बोललो? युरियाची टंचाई. अड्याळच्या बाजारात बैल महाग झाले. परतीची गाडी किती वाजता आहे. तू डोळे मिटून ऐकत होतीस. निघताना म्हणालीस, "गोल चुकवू नोको गा." बस.

घरी आल्यावर एक गोष्ट मनात आली आणि ती जात नाही. मी तुला दर वर्षी दिवाळीत पाहिलं, फार तर संक्रांतीत. हसणारी, चिडणारी, पिशवीभर खाऊ आणणारी. एकाच हंगामातली बाई. नागपूरच्या त्या खोलीत मे महिन्यात तू कशी असायचीस, एकटी जेवताना काय करायचीस, दुखणं केव्हा सुरू झालं, मी कधी येऊन पाहिलं नाही आणि तू कधी दाखवलं नाहीस. माझ्यावर तुझा नकाशा काढायची वेळ आली असती तर मी तुला सगळीकडे हिरवीच रंगवली असती. आता दुसरे फोटो कुठून मागवू?

काल इथपर्यंत लिहून थांबलो होतो. आज गोल होता.

सकाळी तोंड धुऊन पाळीवर गेलो. थंडी पडायला लागली आहे. बांध्यांत धान कापणीला आला आहे, काहींनी हात लावलासुद्धा. आभाळात ढगाचा टिपूस नव्हता, तू खुश झाली असतीस. तलाव शिंगाड्याने गच्च झाकला आहे. वरून आज तो लालभडक गेला असेल, अगदी हिरव्या धानासारखा.

गिरजाकाकू डोंग्यात होती. आता वाकता येत नाही तिला, तरी सून कामाचं ऐकत नाही म्हणून स्वतः येते. तिने विचारलं, "एवढ्या सकाळी असा उभा काहून राहिला गा?"

बाई, मी शपथ मोडली. सगळं सांगितलं. शिंगाडा, लाल ठिपका, पुसलेला तलाव, माघातले काळे फोटो, लांबलेली नोकरी, आणि तुडूम कोणामुळे आलं ते. ती वल्हं थांबवून ऐकत होती. मग म्हणाली, "आमी तं समजून होतो का तुया बाबानं आणलं. थे पोरगी दर दिवाळीले माहे शिंगाडे घे, अन् म्हणे, काकू, तुयापाई माही लय फजिती झाली वो. मले वाटे, मस्करी करते."

म्हणजे तूच आधी सांगत होतीस! मला शपथ घालून स्वतः काकूला दर वर्षी थोडं थोडं सांगून मोकळी होत होतीस. अशी लबाड होतीस तू. मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही.

"मंग आता वरून कोण पाह्यते?" काकूने विचारलं.

"कोणी नाई."

"तरी उभा राह्यतं?"

"राह्यतो."

तिने वल्हं आडवं ठेवलं, डोंग्यातच कशीबशी कंबर सरळ केली, पदर डोक्यावर नीट घेतला आणि माझ्यासारखीच वर पाहत उभी राहिली. न्याहारीची वेळ होईपर्यंत आम्ही दोघे तसेच होतो. दवाखान्यात जे बोललो नाही ते मी तेव्हा मोठ्याने म्हणालो. बाई, तलाव तुझ्यामुळे भरला.

आजचा फोटो उन्हाळ्यात कोणाच्या तरी टेबलावर जाईल. तू तिथे नसशील. मी निळ्या आभाळात खूप वेळ पाहिलं. तू दिसली नाहीस. पण होतीस, ते मला मालूम आहे.